फडातल्या आईपर्यंत शाळेची बातमी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची बातमी हल्ली दोन वाटांनी बाहेर पडते. एक वाट वर जाते. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी. ‘कार्यक्रमाचे फोटो व अहवाल आजच सादर करावा’ असा निरोप आला की पहिली-दुसरीच्या मुलांना पाढे लिहायला लावून सर फोटो निवडत बसतात. दुसरी वाट गावाकडे येते. पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, सरांचं स्टेटस, वर्तमानपत्राच्या तालुका पानावरची छोटीशी बातमी. दोन्हीकडे पोचणारा मजकूर जवळपास एकच असतो. वृक्षारोपण, प्रवेशोत्सव, सत्कार, वह्यावाटप. मुलांचा दिवस कसा गेला, हे कुणालाच कळत नाही.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या रांगेत, धारूर-वडवणी-केजकडच्या वाड्यांवर, ही उणीव फार बोचते. दिवाळी सरली की तिथले आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कर्नाटकातला सीमाभाग. जिथं कारखाना तिथं फड. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावात राहतात म्हातारी माणसं आणि लहान मुलं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे बायको मागं राहिली तर उचल निम्मीच मिळते. मुलांना सोबत नेलं तर शाळा सुटते, मागं ठेवलं तर आई. अशा गावात शाळेची बातमी म्हणजे आईला चार-पाच महिने मिळणारी मुलाची खुशाली असते.

पुढचा संवाद कुणा एका गावचा नाही. अशा शाळांतून जे बोललं जातं ते मी दोघांच्या तोंडी दिलं आहे. सर द्विशिक्षकी शाळेचे मुख्याध्यापक, पस्तिशीचे, तालुक्याहून मोटारसायकलवर येणारे. ताई शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष. मुलगी तिसरीत. बरीच वर्षं नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेल्या. सासू थकल्यापासून गावात असतात. दोघांचंही शाळेवर प्रेम आहे, म्हणूनच वाद आहे.

ताई : सर, काल ग्रुपवर बूटवाटपाचे फोटो टाकलेत ना, त्यातला एक काढून टाका.

सर : कुठला?

ताई : चौथीतल्या त्या पोराचा. बाप वारला त्याचा. पुण्याच्या पाहुण्यांच्या हातून बूट घ्यायला वाकलाय आणि खाली तुम्ही लिहिलंय, ‘गरजू व होतकरू विद्यार्थी’. त्या लेकरानं बूट पायात घातलेच नाहीत. आजी म्हणायली, पिशवीत बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवलेत.

सर : मला माहीत नव्हतं. पण ताई, तो फोटो टाकला नाही तर पुढच्या वर्षी बूट येणार नाहीत. आपल्याच गावची पोरं आहेत ती, चाकण-भोसरीला कंपनीत लागलेली. प्रत्येकी पाचशे-हजार काढतात. आपले पैसे कुठं गेले हे त्यांना दिसायला नको?

ताई : दिसू द्या की. बिलाचा फोटो टाका. बुटांच्या खोक्यांचा टाका. लेकराचं तोंड कशाला पाहिजे?

सर : खोक्यांच्या फोटोला कुणी पैसे देत नाही.

सरांचं हे वाक्य मला टोचतं, पण ते खोटं ठरवता येत नाही. शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. पट 30 च्या आत असेल तर वर्षाला 10 हजार रुपये. त्यात खडू, वीजबिल, झाडू, फुटलेली कौलं आणि रजिस्टरं. मग भिंती रंगवायच्या, पाण्याचं फिल्टर बसवायचं, टीव्ही घ्यायचा तर लोकवर्गणीशिवाय गत्यंतर नाही. ती गोळा करण्याचं काम सरकारनं कागदावर न लिहिता शिक्षकावर टाकलं आहे, आणि वर्गणी मागणाऱ्याच्या हातात दाखवायला मूल सोडून दुसरं काही नसतं.

सर : तुम्ही फक्त त्या पोराकडे बघताय. मला पट बघावा लागतो. सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वाडीच्या कडेला उभी राहते. गेल्या दोन वर्षांत चार मुलं त्या गाडीत चढली. 2023 च्या सप्टेंबरात वरून पत्र आलं होतं, आठवतंय? 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव पाठवा म्हणून. उदाहरण दिलं होतं पानशेतचं आणि तोरणमाळचं. तेव्हा ओरड झाली. पण परत कधी तसं पत्र येणार नाही, असं कुणी लिहून दिलंय का? आपला पट आज 27 आहे. आठ लेकरं कमी झाली की आपण त्या यादीत. शाळा जिवंत आहे, इथं काहीतरी घडतंय, हे मी रोज दाखवलं नाही तर लोक समजतात इथं मास्तर झोपा काढतो.

ताई : तुम्ही झोपा काढत नाही हे मला ठाऊक आहे. पण गाडीत चढलेली ती चार लेकरं फोटो कमी पडले म्हणून गेली का? एकाच्या बापाला मी विचारलं होतं. तो म्हणाला, पोरगं दुसरीत गेलं, त्याला वाचता येतं का नाही हेच मला कळंना. तिकडं महिन्याला डायरीत लिहून येतं.

सर : वाचता येत होतं त्याला. चांगलं येत होतं.

ताई : मग हे त्याच्या बापाला कुणी सांगितलं?

इथं सर थोडा वेळ बोलत नाहीत. बोलतात तेव्हा ग्रुपची बाजू घेऊन बोलतात, आणि ती बाजू भक्कम आहे.

सर : तुम्ही म्हणाल तर ग्रुप बंद करतो. पण मागच्या हंगामात काय झालं ते तुम्हीच बघितलंय. कागलकडच्या फडातून एका आईचा रात्री साडेनऊला फोन. ‘सर, पोरीचा आवाज ऐकवा.’ दुसऱ्या दिवशी मी तिचं वाचन रेकॉर्ड करून टाकलं, अर्ध्या मिनिटाचं. ती बाई पुढं आठवडाभर तेच ऐकत होती. पूर्वी हंगामातून परत आलेल्या आईला लेकरू ओळखायचं नाही, आजीच्या मागं लपायचं. मोबाईलनं एवढं तरी केलंय.

ताई : बंद करा म्हणतच नाही मी. सर, मी स्वतः कोपीत बसून तुमचे फोटो बघितलेत. गाडी भरून झाली की रात्री आठ-नऊ वाजायचे. ट्रॅक्टरवाल्याकडून फोन चार्ज करून आणायचा आणि मग सगळ्या बाया एकाच मोबाईलभोवती. आम्ही काय बघायचो ठाऊक आहे? पाय. पायात चप्पल आहे का. मग केस विंचरलेत का, गाल बसलेत का. फोटोत मधोमध पाहुण्यांचा सत्कार. माझी पोरगी मागच्या ओळीत, निम्मी कापलेली. बोटानं मोठा करून करून बघायचे मी तो फोटो.

सर : हे तुम्ही मला आधी कधी सांगितलं नाही.

ताई : सांगायला बैठकीला बोलावलं कधी? अध्यक्ष झाले तेव्हा माझी पहिली सही चुलीपाशी झाली. शिपाई नाही म्हणून चौथीतलं पोरगं रजिस्टर घेऊन आलं, ‘सरांनी इथं सही करा म्हटलंय.’ वर लिहिलं होतं, ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.’ मी भाकरी थापत होते.

समितीच्या या दुखण्यावर थोडं थांबायला हवं. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या 21 व्या कलमानं प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणं, शाळेचा विकास आराखडा करणं आणि मिळालेलं अनुदान कसं खर्च होतं ते पाहणं ही तिची कामं. कायद्यानं अशिक्षित आईलाही शाळेच्या हिशोबाच्या वहीपाशी बसवलं, ही मोठी गोष्ट होती. आजही आहे. पण रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घ्यायची रीत इतकी रुळली आहे की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटेनासं झालं आहे. शाळेतली सगळ्यांत महत्त्वाची बातमी त्या इतिवृत्तात असायला हवी, आणि तिथंच ‘सविस्तर चर्चा’ या दोन शब्दांपलीकडे काही नसतं.

सर : ते चुकतंय, मान्य. पण बैठक लावली तर येतं कोण? दुपारी सगळे रानात. हंगामात तर निम्मी समितीच गावात नसते. आणि वरून तारीख येते, अमुक तारखेच्या आत बैठकीचा अहवाल फोटोसह पाठवा. एका बाजूला दोन वर्ग, दुसऱ्या बाजूला ऑनलाइन माहिती, निवडणुकीच्या याद्या, आहाराच्या रोजच्या नोंदी. दुसरे सर रजेवर असले की पाचही वर्ग माझ्याकडे. तुम्ही म्हणता रोज प्रत्येक लेकराची बातमी आईला द्या. कधी देऊ?

ताई : तुम्ही नका देऊ. लेकरं देतील.

सर : म्हणजे?

ताई : सकाळी परिपाठाला तिसरीतली पोरं पेपर वाचतात. दिल्लीत काय झालं, क्रिकेटमध्ये कोण जिंकलं. पोरगी घरी येऊन तेच सांगते. मी विचारते, आज शाळेत काय झालं? म्हणते, काही नाही. सर, पेपरची एक बातमी वाचू द्या आणि दोन बातम्या त्यांच्या स्वतःच्या. फळ्यावर लिहू द्या. संध्याकाळी त्या फळ्याचा फोटो तेवढा ग्रुपवर टाका.

सरांनी हे आठ-दहा दिवस करून पाहिलं, असं समजू. फळ्यावर काय येईल याचा अंदाज ज्यांनी मुलांचं लिखाण वाचलं आहे त्यांना करता येतो. ‘आज खिचडीत वाटाणे जास्त होते.’ ‘मागच्या चिंचेखाली मुंगसाची पिल्लं दिसली, तीन.’ ‘दुसरीतली एक मुलगी आज आईबरोबर कारखान्याला गेली, तिची पाटी शाळेतच राहिली.’ ‘नळाला पानि नाही.’ तिसऱ्या बातमीपाशी मी थांबलो असतो. पटावरून एक नाव हललं, हे सरकारी माहितीत काही आठवड्यांनी दिसेल. फळ्यावर त्याच दिवशी दिसलं.

सर : चौथी बातमी बघितलीत? ‘पानि.’ उद्या केंद्रप्रमुख आले तर पहिला प्रश्न मला. ‘तुमच्या चौथीला शुद्धलेखन येत नाही का?’

ताई : साहेबांनी आधी नळ बघावा.

सर : बोलायला सोपं आहे. आणि शुद्धलेखन राहू द्या, पाणी नाही हे ग्रुपवर गेलं की काय होतं माहीत आहे? कुणीतरी ते पत्रकाराला पाठवतं. दुसऱ्या दिवशी ‘शाळेची दुरवस्था’. तिसऱ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस. नळ ग्रामपंचायतीचा, नोटीस मला. आणि पिवळ्या गाडीवाला ती बातमी घेऊन घरोघर फिरतो. चांगलं तेवढं बाहेर, अडचण आत, हे मी हौसेनं करत नाही. करावं लागतं.

ताई : म्हणून अडचण आतच राहते. मागच्या साली हंगामी वसतिगृह किती उशिरा सुरू झालं? आईबाप गेले आणि मागं राहिलेल्या लेकरांना संध्याकाळचं जेवण नाही. आम्ही तीन घरांनी मिळून भाकऱ्या दिल्या. तेव्हा ग्रुपवर काय होतं? रांगोळी स्पर्धा.

सर : प्रस्ताव मी वेळेवर दिला होता. मंजुरी वरून आली नाही.

ताई : तेच लिहायचं होतं. ‘प्रस्ताव अमुक तारखेला दिला, मंजुरी नाही.’ आम्ही चौघी पंचायत समितीत जाऊन बसलो असतो. वसतिगृह चालवायचं समितीनं, आणि समितीलाच माहीत नाही की कागद कुठं अडकलाय.

या मुद्द्यावर मी पूर्ण ताईंच्या बाजूनं आहे. शाळेची अडचण लपवली की शिक्षकाची कातडी त्या दिवसापुरती वाचते, पण सोबतीला येऊ शकणारी माणसं दूर राहतात. पोषण आहाराच्या फलकावर आपण 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं असं व्यवस्थित रंगवतो. त्याखालचं चव रजिस्टर मात्र महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरलं जातं. आई रोज येऊन खिचडी चाखून ‘आज मीठ कमी’ असं लिहीत नाही. तिनं तसं लिहिलं आणि ते वाचलं गेलं, तर स्वयंपाक करणाऱ्या बाईचं मानधन किती तुटपुंजं आहे, ते किती महिने थकलं आहे, हेही त्याच वहीत येईल.

पण सरांची भीतीही खरी आहे, आणि तिला उत्तर गावानं द्यायचं नाही, कार्यालयानं द्यायचं आहे. मुलांच्या हातचा फलक दिसला की त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घावर बोट ठेवणारा अधिकारी तो फलक आठवडाभरात बंद पाडतो. अडचण कळवणाऱ्या मुख्याध्यापकाला नोटीस मिळणार असेल तर पुढची अडचण कुणीच कळवणार नाही. रोजच्या फोटोंची मागणी निम्म्यानं कमी केली तर प्रत्येक शाळेत शिकवायचा केवढा तरी वेळ परत मिळेल.

सर : फलकाचं पटतं मला. डी.एड.ला आम्हाला सांगितलं होतं, साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलला होते 1924 ते 1930. वसतिगृह सांभाळायचे तेव्हा ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. रोज, हातानं लिहून. मुलं सकाळी उठून ते वाचायला धावायची. मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं ते.

ताई : ते गुरुजी स्वतः लिहायचे. आपल्याकडं लेकरं लिहितील. तुमचा तेवढा वेळ वाचला.

सर : पण सगळंच फळ्यावर येऊ देता येणार नाही. उद्या कुणी लिहिलं, ‘अमक्याचे वडील दारू पिऊन आले’, तर?

ताई : ते नाही येऊ द्यायचं.

सर : का? तेही खरं असतं. तुम्हीच म्हणाला खरं लिहा.

ताई : शाळेचं खरं लिहा म्हटलं मी, घरचं नाही. बुटाच्या फोटोत तेच तर झालं. शाळेनं त्याचं घर उघडं केलं.

ताईंनी काढलेल्या या रेषेला कायद्याचाही आधार आहे. 2023 साली देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती अशी वापरायची तर आईबापाची खातरजमा होईल अशी संमती घ्यावी, असं त्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम मुलाला मारायला जशी बंदी करतं तशीच मानसिक छळालाही. बूट देताना फोटो काढणं हा छळ आहे असं कुणी म्हणणार नाही, सरांच्या मनात तर तसं काहीच नसतं. तरीही तो मुलगा बूट न घालता शाळेत येतो आहे, आणि त्याच्या वर्गातल्या प्रत्येक घरात तो फोटो आहे.

सर : फोटो काढतो मी. आत्ताच काढतो. पण पुण्याच्या पोरांना काय दाखवू ते तुम्ही सांगा. तुम्ही अध्यक्ष आहात.

ताई : मी बोलते त्यांच्याशी. त्यातला एक माझ्या मावसदिराचा पोरगा आहे. त्याच्या आईनं त्याला असेच कुणाचे तरी जुने बूट घालून शाळेत धाडलं होतं. त्याला समजंल.

सर : नाही समजलं तर?

ताई : तर एक साल बूट येणार नाहीत.

सर : हे मला जमणार नाही, ताई. थंडीत लेकरं अनवाणी येतात.

दोघांचं इथं जमत नाही. मी ताईंच्या बाजूचा असूनही सरांचं शेवटचं वाक्य मला खोडता येत नाही. देणाऱ्याला नजरेसमोर चेहरा लागतो, ही सवय समाजमाध्यमांनी वाढवली असली तरी जुनी आहे. गावच्या यात्रेत वर्गणीदारांची नावं भोंग्यावर पुकारली जातात ती त्याचसाठी. नाव देणाऱ्याचं पुकारावं, हवं तर शाळेच्या भिंतीवर रंगवावं. घेणाऱ्याचं नाव आणि तोंड तिथं नको. एवढ्यावर पैसे आटले तर ते भरून काढणं जिल्हा परिषदेचं काम आहे. मुलाच्या पायातला बूट ही वर्गणीवर सोडायची गोष्ट नाही.

ताई : दुसरी एक गोष्ट. यंदा सहा लेकरं आईबापाबरोबर जायलीत. त्यांना तिकडच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी कार्ड दिलंत का?

सर : चार जणांना दिलं. दोघं न सांगता निघून गेले. तिकडच्या शाळेनं घ्यायलाच पाहिजे त्यांना, स्थलांतरित मुलांना प्रवेश देणं हे तिथल्या स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, कायद्यात लिहिलंय. पण कारखान्यापासून शाळा लांब, पोरं कोपीत धाकटी भावंडं सांभाळतात. तिकडून काही बातमी येत नाही.

ताई : त्या सहा जणांना ग्रुपवर विचारा. आपणच पाठवायची असं कुठंय, तिकडून पण येऊ द्या. आज शाळेत गेला का, कुठल्या गावात आहे. फळ्यावर त्यांचीही एक ओळ ठेवा. नाव पटावर आहे ना अजून?

सर : आहे.

ताई : मग ते गैरहजर नाहीत, बाहेरगावी आहेत. परत येतील तेव्हा वर्गाला माहीत पाहिजे की ते कुठं होते.

सर : हे करता येईल. एका मुकादमाचा नंबर आहे माझ्याकडे, त्याच्याकडून बाकीच्यांचे मिळवतो. आणि बैठक?

ताई : लावा. इतिवृत्त तिथंच लिहा, तिथंच मोठ्यानं वाचून दाखवा. सह्याही तिथंच.

सर : वेळ सांगा. दुपारी कुणी येत नाही, आणि रात्री सातला ठेवली तर मला घाटातून परत जायचं असतं.

ताई : बुधवारी ठेवा. बाजार असतो, त्या दिवशी बाया रानात जात नाहीत. पाचपर्यंत सगळ्या घरी येतात.